प्लेटवर वर्तुळ, फ्लास्कमध्ये शून्य: स्ट्रेप्टोमायसिसचं प्रतिजैविक नेमकं कुठे अडतं?

प्रश्न थोडक्यात असा. मातीतून वेगळा केलेला एक स्ट्रेप्टोमायसिस, म्हणजे तंतूंसारखा वाढणारा जिवाणू, सोयापीठ-मॅनिटॉलच्या प्लेटवर बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूविरुद्ध मोठं, स्वच्छ वर्तुळ देतो, म्हणजे त्याच्याभोवती बॅसिलस वाढत नाही. तोच ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये, म्हणजे टीएसबीत, वाढवला की वाढ भरघोस होते, पण गाळून घेतलेल्या द्रवात काहीच सापडत नाही. जीनोम वाचून अँटिस्मॅश या संगणक-प्रणालीत टाकला तर अशी रसायनं बनवणाऱ्या जनुकांचे वीसेक गट, म्हणजे क्लस्टर, दिसले. मग प्रतिजैविक ‘चालू’ करणारं जनुक कोणतं, आणि ते चालू कसं करायचं?

यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. जे प्रतिजैविक हा जिवाणू बनवतो हे प्लेटवर दिसतंच आहे, ते ब्रॉथमध्ये का बनत नाही, हा पहिला. जी क्लस्टर कुठेच काही करताना दिसत नाहीत ती जागी कशी करायची, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा माध्यमात असतं आणि जनुकाला हात न लावता मिळतं. दुसऱ्यासाठी जनुकात हात घालावा लागतो. नियंत्रणाची यंत्रणा दोन्हीकडे तीच, म्हणून ती आधी पाहू. कामाचा क्रम मात्र हाच ठेवा: आधी माध्यम, मग आरएनए, आणि सगळ्यात शेवटी जनुक.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या विषयातलं तपशीलवार ज्ञान मुख्यतः दोन जातींवरून आलेलं आहे: स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर आणि स्ट्रेप्टोमायसिस ग्रायसियस. सीलिकलरचा जीनोम २००२ साली प्रसिद्ध झाला. साधारण ८७ लाख बेसजोड्यांचं सरळ, दोन टोकं असलेलं गुणसूत्र, ७,८२५ जनुकं, आणि त्यातली ९६५, म्हणजे १२ टक्क्यांहून जास्त, नियमनाच्या कामातली. तुमच्या जिवाणूतही हीच मंडळी बहुतेक असतील, पण कोण कोणाच्या वर बसलं आहे ते वेगळं असू शकतं. एका जातीत चालना देणारं प्रथिन दुसरीत ब्रेक लावताना सापडतं. त्यामुळे खालची नावं नकाशा म्हणून वापरा, तुमच्या जातीतला निकाल म्हणून नको.

आता क्लस्टर. प्रतिजैविक बनवायला लागणारी जनुकं गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात. सीलिकलरचं निळं ॲक्टिनोरोडिन घ्या. साधारण २२ जनुकांचा हा गट आहे. त्यात सांगाडा बांधणारी एन्झाइम, त्यावर हात फिरवणारी एन्झाइम, तयार माल बाहेर फेकणारे पंप, आणि मधोमध ॲक्ट-टू ओआरएफ-४ नावाचं एक नियामक जनुक. या जनुकाचं प्रथिन बाकीच्या जनुकांच्या प्रमोटरवर, म्हणजे वाचन जिथून सुरू होतं त्या डीएनएच्या तुकड्यावर, बसतं आणि त्यांचं वाचन सुरू करतं. त्याच्या जादा प्रती दिल्या तर ॲक्टिनोरोडिन वाढतं. ते काढून टाकलं तर बाकी सगळी एन्झाइम-जनुकं शाबूत असूनही निळा रंग येत नाही. लाल अनडेसिलप्रोडिजिओसिनच्या गटात हेच काम रेड-डी करतं आणि रेड-डीला रेड-झेड चालू करतं. ग्रायसियसच्या स्ट्रेप्टोमायसिन गटात ते काम एसटीआर-आरकडे आहे.

म्हणजे ‘बटण’ म्हणता येईल असं जनुक आहे, ते क्लस्टरमध्येच बसलेलं आहे. पण ते बटण स्वतःहून दाबलं जात नाही. ॲक्ट-टू ओआरएफ-४च्या प्रमोटरवर वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली प्रथिनं बसतात. एटीआर-ए चालना देतं. एबीएस-ए२ फॉस्फेट लागलेल्या अवस्थेत दाबून धरतं. डॅस-आर अन्नाची बातमी आणतं. पेशीची भूक, वय, गर्दी, ताण या सगळ्या बातम्यांची बेरीज त्या एका प्रमोटरवर होते. म्हणून ‘कोणतं जनुक’ यापेक्षा ‘बातमी कुठल्या मजल्यावर अडली’ हा प्रश्न जास्त कामाचा. आणि प्रत्येक क्लस्टरला स्वतःचा नियामक असतोच असंही नाही. एरिथ्रोमायसिन बनवणाऱ्या सॅकॅरोपॉलिस्पोरा एरिथ्रियाच्या क्लस्टरमध्ये असा नियामक नाहीच. तिथे विकासाचं नियंत्रण करणारं बीएलडी-डी हे दूरचं प्रथिन थेट येऊन काम करतं. तुमच्या क्लस्टरमध्ये नियामक दिसत नसेल तर अँटिस्मॅशने चूक केली असं लगेच समजू नका.

वरच्या मजल्यांपैकी एकाकडे जरा थांबून पाहू, कारण लोक नेमके इथेच फसतात. ल्युसिन या अमिनो आम्लासाठी सहा कोडॉन, म्हणजे तीन अक्षरी संकेत, आहेत. स्ट्रेप्टोमायसिसच्या डीएनएत जी आणि सी मिळून ७२ टक्क्यांच्या आसपास असल्याने टीटीए हा कोडॉन अतिशय दुर्मीळ. सीलिकलरच्या जवळपास आठ हजार जनुकांपैकी जेमतेम १४५ जनुकांत तो आहे. हा कोडॉन वाचून अमिनो आम्ल आणून देणारा एकच टीआरएनए रेणू, आणि त्याचं जनुक म्हणजे बीएलडी-ए. ते मोडलं तरी पेशी व्यवस्थित वाढते, कारण रोजच्या कामाच्या जनुकांत टीटीए नसतोच. पण वसाहत टकलीच राहते, हवेत उभे राहणारे तंतू येत नाहीत, आणि निळा-लाल दोन्ही रंग गायब होतात. कारण ॲक्ट-टू ओआरएफ-४ मध्ये एक टीटीए आहे. रेड-झेडमध्येही आहे. विकास सुरू करणाऱ्या एडीपी-एमध्येही आहे. ॲक्ट-टू ओआरएफ-४ मधला तो एक टीटीए बदलून ल्युसिनचाच दुसरा कोडॉन घातला, तर बीएलडी-ए नसलेल्या जिवाणूतही ॲक्टिनोरोडिन परत येतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा. तुम्ही नियामक जनुक जोरदार प्रमोटरखाली घातलंत, आरएनए भरपूर दिसला, तरी प्रथिन बनेल याची खात्री नाही. टीटीए वाचणारा टीआरएनए पुरेसा नसेल तर गाडी तिथेच थांबते. म्हणून नियामकाचं जनुक मागवण्याआधी त्याच्या कोडॉनांत टीटीए शोधा. वाचनचौकट धरून शोधा, नुसता टी-टी-ए असा क्रम नव्हे. सापडला तर जनुक कृत्रिमरीत्या बनवतानाच तो सीटीसी किंवा सीटीजी करून घ्या. दोनच बेसचा बदल आहे, खर्च वाढत नाही.

गर्दीची बातमी आणणारा रेणू म्हणजे गॅमा-ब्युटिरोलॅक्टोन. पहिला सापडला तो ए-फॅक्टर, १९६७ साली, ग्रायसियसमध्ये. याची साखळी सगळ्यात स्वच्छ उलगडलेली आहे: एआरपी-ए हे प्रथिन एडीपी-एचा प्रमोटर दाबून बसलेलं असतं, ए-फॅक्टर नॅनोमोलर पातळीला पोचला की तो एआरपी-एला चिकटतो, ते डीएनए सोडतं, एडीपी-ए बनतं, एडीपी-ए एसटीआर-आरला चालू करतं, आणि एसटीआर-आर स्ट्रेप्टोमायसिनची जनुकं. सीलिकलरमध्ये याच कुळातली एससीबी-ए आणि एससीबी-आर ही जोडी आहे, पण तिची साखळी इतकी सरळ नाही. तुमच्या क्लस्टरच्या आसपास टेट-आर कुळातला दाबणारा नियामक आणि लॅक्टोन बनवणारं एन्झाइम शेजारीशेजारी दिसलं, तर हा मजला तुमच्याकडे आहे असं धरून चाला.

आता तुमच्या फ्लास्ककडे. तुम्ही दिलेल्या माहितीत सगळ्यात जास्त बोलणारी गोष्ट जीनोम नाही, टीएसबी आहे. टीएसबीत लिटरला २.५ ग्रॅम डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट आणि २.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. फॉस्फेटचा हिशेब केला तर तो १४ मिलिमोलरच्या पुढे जातो, पेप्टोनमधून येणारं वेगळंच. प्रतिजैविकासाठी नेहमी वापरलं जाणारं आर-५ माध्यम पाहा. त्यात ०.५ टक्के पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचं द्रावण लिटरला फक्त १० मिली घालतात, म्हणजे ५० मिलिग्रॅम, सुमारे ०.३७ मिलिमोलर. म्हणजे जवळपास चाळीसपट फरक. आणि तुमच्या प्लेटवरच्या सोयापिठात फॉस्फरस आहे, पण बराचसा फायटेट या बियांतल्या संयुगात बांधलेला. तो हळूहळू सुटतो. स्ट्रेप्टोमायसिसमधली बरीच प्रतिजैविकं काही मिलिमोलर मोकळ्या फॉस्फेटच्या वर दबतात. तुमच्या बाबतीत पहिला संशय मी इथेच घेईन.

फॉस्फेटचा परिणाम भरवशाचा आहे, पण त्यामागची जनुकांची गोष्ट गुंतागुंतीची आहे. फॉस्फेट संपत आलं की फो-आर आणि फो-पी ही जोडी जागी होते आणि फॉस्फेट मिळवण्याची जनुकं चालू करते. मग ही जोडी प्रतिजैविकालाही चालना देत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडन्समध्ये फो-पी काढून टाकलं तर ॲक्टिनोरोडिन वाढतं. सीलिकलरमध्ये फो-पी आणि एएफएस-आर ही दोन प्रथिनं एएफएस-एस या प्रतिजैविकाला चालना देणाऱ्या जनुकाच्या प्रमोटरवर एकाच जागेसाठी भांडतात. म्हणून फो-पी तोडून प्रश्न सुटेल असं गृहीत धरू नका. फॉस्फेट कमी करणं हा त्याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

ग्लुकोजचंही तसंच. तो भरपूर असेल तोवर बरीच क्लस्टर गप्प राहतात, आणि इथे ई. कोलायसारखी सायक्लिक एएमपीची यंत्रणा नसून ग्लुकोज कायनेझ हे एन्झाइमच मध्यस्थी करतं. मॅनिटॉल, ग्लिसरॉल किंवा स्टार्च वापरून पाहा. एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन हा गंमतीदार प्रकार आहे. सीलिकलरमध्ये उपाशी माध्यमात तो घातला की प्रतिजैविक सुरू होतं, आणि समृद्ध माध्यमात घातला की उलट बंद पडतं. त्यापासून बनलेला ग्लुकोसामाइन-६-फॉस्फेट डॅस-आरला डीएनएवरून उतरवतो, हा त्यातला मुख्य धागा. वापरायचा असेल तर किमान माध्यमात २५ मिलिमोलरपासून सुरुवात करा, आणि दोन्ही प्रकारच्या माध्यमांत करून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

पण त्याही आधी एक साधी शंका दूर करायला हवी: ब्रॉथमध्ये प्रतिजैविक खरंच नाही, की आहे पण तुम्हाला दिसत नाही? अनडेसिलप्रोडिजिओसिनसारखी संयुगं पेशीलाच चिकटून राहतात. गाळलेल्या द्रवात शोधाल तर हात रिकामे. म्हणून तंतूंचा गाळ फेकू नका. मिथेनॉलने काढून वेगळा तपासा, आणि नुसतं मिथेनॉल लावलेली चकतीही त्याच प्लेटवर ठेवा. दुसरं, प्लेटवर वसाहतीचा सगळा स्राव काही मिलिमीटर आगरात साठतो, तर फ्लास्कमध्ये तो ५० मिलीत पसरतो. द्रव एथिल ॲसिटेटने काढून आटवा आणि मग चकती लावा. एथिल ॲसिटेटमध्ये न येणारी, पाण्यातच राहणारी संयुगं असतात, त्यासाठी थोडा द्रव थंडीत सुकवून दाट केलेलाही तपासा. तिसरं, चाचणीच चुकीची असू शकते. सीलिकलरचं कॅल्शियमवर अवलंबून असलेलं प्रतिजैविक, सीडीए, तपासताना आगरात साधारण १२ मिलिमोलर कॅल्शियम नायट्रेट नसेल तर वर्तुळच येत नाही. घातलं की त्याच प्लेटवर दिसतं. कॅल्शियमसह आणि कॅल्शियमशिवाय अशा दोन प्लेट करायला काहीच लागत नाही. आणि प्लेटवरचं मूळ वर्तुळ आम्लामुळे तर नाही ना, हे त्याखालच्या आगराचा सामू पाहून ठरवा.

माध्यमांची चाचणी मी अशी लावतो. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली माध्यम, तळाशी स्टीलची स्प्रिंग, ३० अंश सेल्सिअस, मिनिटाला २०० फेरे. स्प्रिंग नसेल तर तंतूंचे मोठे गोळे होतात, आतल्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही, आणि दोन फ्लास्कमधले आकडे कधी जुळत नाहीत. बीज शक्यतो बीजाणूंचंच द्या, मिलिलिटरला १० लाख ते १ कोटी. टीएसबीत वाढवलेलं बीज ओतणार असाल तर धुऊन ओता: ५० मिलीत ५ मिली टीएसबी गेलं की नुसत्या त्या बीजातून १.३ मिलिमोलर फॉस्फेट आत येतं, आणि कमी फॉस्फेटच्या माध्यमाचा सगळा हेतू वाया जातो. बफर म्हणून फॉस्फेट नको; टीईएस किंवा एमओपीएस घ्या, सामू ७.२. माध्यमं चार पुरेत: आर-५, सोयापीठ-मॅनिटॉल आगराशिवाय, स्टार्च असलेलं एखादं, आणि तुलनेसाठी तुमचं टीएसबी. दुसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत रोज नमुना घ्या. त्यात कोरडं वजन, सामू, द्रवातली आणि गाळातली क्रिया, अशा चार नोंदी. एकाच दिवशी मोजलंत तर प्रतिजैविक अजून सुरू झालेलं नसेल किंवा बनून मोडूनही गेलेलं असेल.

आर-५ करताना साखर लिटरला १०३ ग्रॅम लागते, तेव्हा ती विरघळायला वेळ द्या. फॉस्फेट, कॅल्शियम क्लोराइड, प्रोलिन आणि सोडियम हायड्रॉक्साइड ही चारही वेगवेगळी निर्जंतुक करून शेवटी मिसळायची. फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र ऑटोक्लेव्ह केलंत तर पांढरा साका बसतो, आणि मग नेमकं किती फॉस्फेट उरलं ते कोणालाच सांगता येत नाही.

शेजारी एक फ्लास्क सीलिकलरच्या एम-१४५ या प्रयोगशाळेतल्या वाणाचाही ठेवा. तो आर-५ वर काही दिवसांत निळा झाला नाही, तर दोष तुमच्या जिवाणूत नाही, माध्यमात आहे. मोजायचं असेल तर संपूर्ण द्रवात, पेशींसकट, पोटॅशियम हायड्रॉक्साइड एक मोलरपर्यंत घाला, फिरवून गाळ बसवा आणि ६४० नॅनोमीटरला शोषण पाहा. मोलर शोषणगुणांक २५,३२०. ॲक्टिनोरोडिन आम्लात लाल आणि अल्कलीत निळं असतं, म्हणून अल्कली घातल्याशिवायचे आकडे तुलनेचे नसतात. कोऱ्या माध्यमालाही तेवढंच अल्कली घालून वजाबाकी करा, कारण साखरेची माध्यमं अल्कलीत पिवळी-तपकिरी होतात.

याच जागी जिवाणूचीही चौकशी करा. स्ट्रेप्टोमायसिसच्या सरळ गुणसूत्राची टोकं अस्थिर असतात. मोठमोठे तुकडे गळून जातात, आणि प्रतिजैविकांची बरीच क्लस्टर टोकांच्या हातांवरच बसलेली असतात. प्लेटवरून प्लेटवर सतत उतरवत राहिलात तर टकल्या किंवा रंग गेलेल्या वसाहती हळूहळू वरचढ होतात, कारण त्या वेगाने वाढतात. वसाहतीत पाचरीसारखा वेगळ्या रंगाचा भाग दिसला तर तो इशारा समजा. एकेका वसाहतीचे बीजाणू २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे २० अंशांवर ठेवा आणि प्रत्येक प्रयोग त्याच साठ्यातून सुरू करा.

इतकं करून पहिला प्रश्न बहुधा सुटतो. सुटला नाही, किंवा गप्प क्लस्टर जागी करायची असतील, तर आरएनए पाहायला हवा. वाढीचा वेग जोरात असताना, तो मंदावताना आणि थांबल्यावर, असे तीन नमुने घ्या. दोन जनुकं मोजा: क्लस्टरचा नियामक आणि सांगाडा बांधणाऱ्या एन्झाइमांपैकी पहिलं. तुलनेला एचआरडी-बी हे कायम चालू असणारं जनुक चालतं. तंतू मण्यांबरोबर कुटून फोडा, नुसत्या लायसोझाइमवर, म्हणजे पेशीभित्ती विरघळवणाऱ्या एन्झाइमवर, भरवसा नको. आरएनएत मिसळलेला डीएनए नष्ट करायची प्रक्रिया दोनदा करा आणि उलट-प्रतिलेखनाशिवायचा नमुना प्रत्येक वेळी चालवा. जी-सी जास्त असल्याने प्रायमर अडतात. ५ टक्के डीएमएसओने बरंच सुधारतं.

निकाल तीन प्रकारे वाचता येतो. नियामकाचाच आरएनए नाही, तर अडथळा वरच्या मजल्यावर: अन्न, गर्दी, विकास. नियामकाचा आरएनए आहे पण एन्झाइमांचा नाही, तर नियामक प्रथिनच बनत नाही किंवा बनून निष्क्रिय आहे. इथे टीटीए तपासा, किंवा त्याला चिकटणारा रेणू हवा असेल. दोन्हीचा आरएनए आहे आणि माल नाही, तर नियंत्रणाला दोष देऊ नका. कच्चा माल कमी पडत असेल, एखादं एन्झाइम मोडलेलं असेल, किंवा रेणू तिथे असूनही तुमच्या चाचणीत दिसत नसेल. या तिसऱ्या स्थितीत नियामक वाढवून काही हाती लागत नाही.

जनुकात हात घालायचा तर सगळ्यात स्वस्त वाट क्लोनिंगशिवायची आहे. लिव्हिडन्समध्ये ॲक्टिनोरोडिनचं अख्खं क्लस्टर असतं, पण नेहमीच्या स्थितीत तो जवळपास गप्प असतो. १९९६ साली दिसलं की स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणाऱ्या काही म्युटंट्समध्ये तो निळा होतो. बदल रायबोसोमच्या एस-१२ प्रथिनात, आरपीएस-एल जनुकात, ८८ व्या जागी लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल. तुम्हीही दाट बीजाणू स्ट्रेप्टोमायसिनच्या चढत्या पातळ्यांवर, मिलिलिटरला ५ ते २०० मायक्रोग्रॅम, पसरा आणि वाढलेल्या वसाहती एकेक तपासा. बहुतेक वसाहती फक्त प्रतिरोधक असतील, उत्पादक नाही. तेच अपेक्षित आहे, म्हणून चारदोनवर थांबू नका. आरपीएस-एल वाचून घ्या, आणि रिफॅम्पिसिनवर आरपीओ-बीचे, म्हणजे आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाचे, म्युटंट्सही काढा. तुमचा जिवाणू स्वतःच स्ट्रेप्टोमायसिन बनवत असेल तर ही वाट बंद. अँटिस्मॅशमध्ये ते आधी पाहून घ्या.

नियामक वाढवायचा असेल तर पीसेट-१५२ या प्लाझ्मिडवर ईआरएम-ई स्टार या जोरदार प्रमोटरखाली तो घालून ई. कोलाय ईटी-१२५६७, सोबत पीयूझेड-८००२ हे मदतनीस प्लाझ्मिड, यातून संयुग्मन करा, म्हणजे तो डीएनए ई. कोलायकडून तुमच्या जिवाणूत जाऊ द्या. हा ई. कोलाय मुद्दाम घ्यायचा, कारण मिथिल गट लागलेला परका डीएनए सीलिकलरसारखे स्ट्रेप्टोमायसिस कापून टाकतात. ई. कोलाय ०.४ ते ०.६ घनतेला पोचला की दोनदा धुवा, नाहीतर त्यातली प्रतिजैविकं तुमचे बीजाणू मारतील. सुमारे १० कोटी बीजाणूंना ५० अंशांवर १० मिनिटं, मग थंड करून मिसळा. १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घातलेल्या सोयापीठ-मॅनिटॉल प्लेटवर १६ ते २० तास ठेवा, त्यानंतर ०.५ मिलिग्रॅम नॅलिडिक्सिक आम्ल आणि १ मिलिग्रॅमच्या आसपास ॲप्रामायसिन १ मिली पाण्यातून वर पसरा. रानटी जिवाणूत आधी पाहा की तो मुळातच ॲप्रामायसिनला दाद देतो का. रिकामा पीसेट-१५२ असलेला जिवाणू शेजारी हवाच, कारण गुणसूत्रात ठरलेल्या जागी प्लाझ्मिड शिरणं हेच कधीकधी उत्पादन बदलतं.

कोणता नियामक वाढवायचा हे त्याच्या कुळावरून ठरवा. ॲक्ट-टू ओआरएफ-४ ज्या कुळातलं आहे ते एसएआरपी कुळ जवळजवळ नेहमी चालना देणारं, म्हणून वाढवा. क्लस्टरमधला टेट-आर कुळातला नियामक बहुतेक वेळा दाबणारा, म्हणून काढून टाका. पण तो नेमकं काय दाबतो ते पाहूनच. ॲक्टिनोरोडिनच्या गटातलं ॲक्ट-आर हे टेट-आर कुळातलंच. ते पंपाची जनुकं दाबून ठेवतं, आणि ॲक्टिनोरोडिन किंवा त्याच्या वाटेवरची मधली संयुगं चिकटली की सोडतं. माल पुरता तयार होईपर्यंत पंप उभे असतात ते यामुळेच. असं प्रथिन काढलंत तर पंप वाढतील, माल वाढेलच असं नाही.

उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. एन्झाइमांचे प्रमोटर बदलून क्लस्टर जोरात चालू केला, पण प्रतिरोधाचं आणि पंपाचं जनुक जुन्याच प्रमोटरवर राहिलं, तर जिवाणू स्वतःच्या मालाने मार खातो. वसाहती लहान येतात, आणि पुढच्या पिढीत ज्यांनी क्लस्टर मोडून टाकला तेच जगतात. संयुग्मनानंतर पहिल्या प्लेटवर उत्पादन दिसलं आणि तिसऱ्या उतरणीला गेलं, तर आधी हेच तपासा: पीसीआरने क्लस्टरची दोन्ही टोकं आणि मध्य आहे का. परक्या यजमानात न्यायचं असेल तर सीलिकलर एम-११५२ आणि एम-११५४ यासाठीच बनवलेले आहेत. त्यांच्यातली चार मुख्य क्लस्टर काढून टाकली आहेत, त्यामुळे कच्चा माल वाटून घेणारं कोणी नाही आणि नवा रेणू पार्श्वभूमीत हरवत नाही. दोघांत आरपीओ-बीचा बदल आहे, एम-११५४ मध्ये आरपीएस-एलचाही. क्लस्टर नेताना नियामक आणि प्रतिरोधाचं जनुक दोन्ही सीमेच्या आत आलेत ना ते पाहा. अँटिस्मॅश दाखवतो ती सीमा अंदाजाची असते. दोन्ही बाजूंना काही हजार बेस जादा घेतलेले बरे.